बॉस, पुढचं गाणं कुठलं?

ट्रेक असो, हळदीची रात्र असो की ऑफिसची फॅमिली डे पिकनिक, गिटार दिसली की लोक दोनच वाक्यं बोलतात. पहिलं, ‘वाजव ना काहीतरी!’ आणि तुम्ही मनापासून सुरू केलंत की दुसऱ्या मिनिटाला पुढचं वाक्य येतं, ‘हे नको यार, येणारं काहीतरी वाजव!’ येणारं म्हणजे त्यांना येणारं. तुम्हाला काय येतं याच्याशी कुणालाही देणंघेणं नसतं.

त्यामुळे आपल्याकडच्या यच्चयावत हौशी गिटारवाल्यांचा सिलॅबस ठरलेला आहे. ‘नीले नीले अंबर पर’ची ती सुरुवातीची तुकडी, ‘पुरानी जीन्स’, ‘पापा कहते हैं’, इंग्लिश मीडियमवाला कुणी असेल तर ‘वंडरवॉल’ आणि अगदीच चढली असेल तर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. (गिटार चढली असेल तर म्हणतेय मी. तुम्ही पण ना!) गंमत म्हणजे हा सिलॅबस वाटतो तेवढा एकसाची नाहीच. ‘नीले नीले’ 1983 च्या ‘कलाकार’मधलं, कल्याणजी-आनंदजींचं, पण त्याची चाल मुळात 1982 च्या एका तमिळ चित्रपटातल्या इळयराजांच्या गाण्याची. ‘पुरानी जीन्स’ तर चक्क पाकिस्तानातून आलेलं, अली हैदरचं, 1993 चं. म्हणजे पुण्यातल्या हॉस्टेलच्या गच्चीवर बसून आपण चेन्नई, कराची, मँचेस्टर आणि लॉस एंजेलिस अशी सैर करत असतो आणि आपल्याला वाटतं, आपण ‘ती नेहमीची चार गाणी’ वाजवतोय.

पण सिलॅबस पूर्ण झाला की पुढे काय? इथे सगळ्यांची गाडी अडते. बहुतेकांना एक आजार जडतो, त्याला मी ‘इंट्रो सिंड्रोम’ म्हणते. वीस गाण्यांच्या सुरुवाती येतात, शेवट एकाचाही येत नाही. ‘स्मोक ऑन द वॉटर’चा तो जगप्रसिद्ध रिफ वाजवला की समोरचे खूश, आपण खूश, संपलं. 1971 च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूचा कॅसिनो जळाला आणि डीप पर्पलवाल्यांनी ते डोळ्यांनी बघून त्यावर गाणं केलं, ही इतकी सॉलिड स्टोरी त्या रिफच्या पुढे आहे; पण पुढे जातो कोण?

मीही गेल्या वर्षीपर्यंत जात नव्हते. अकरावीत घेतलेली कोलकात्याची गिवसन, आता वय अठ्ठावीस, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत येणारी गाणी मोजून अकरा. फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाकडे वेळ भरपूर असतो असा एक गोड गैरसमज आहे. वेळ नसतोच, वेळेचे तुकडे असतात. एका कॉपीचं ‘बघतो आणि सांगतो’ आणि दुसऱ्या कॉपीचं ‘आजच हवंय’ यांच्यामधली वीस-वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत काय बसेल, तर एक गाणं. महिन्याला एक. मग मी ठरवलं की प्रत्येक महिन्याचं गाणं वेगळ्या घराण्यातलं घ्यायचं. ‘जॉनर’ म्हणा हवं तर, पण मला घराणं शब्द आवडतो, कारण प्रत्येकाचे आपापले हट्ट असतात.

गाणं निवडायचं कसं, याचा फंडा मात्र मला करता करताच सापडला. आवडतं गाणं निवडायचं, हे उत्तर सोपं आहे आणि फारसं उपयोगाचं नाही. आवडती गाणी दोनशे असतात. मी आधी एवढंच बघते की फोन हातात नसताना, भांडी घासताना, ते गाणं अख्खं गुणगुणता येतं का? मधला म्युझिक पीसही? येत नसेल तर ते अजून कानात उतरलेलं नाही आणि कानात नाही ते हातात कुठून येणार! मग बघायचं की त्यात माझ्या हाताला न येणारी गोष्ट किती आहे. एक असेल तर घ्यायचं. एकही नसेल तर तो टाइमपास. तीन असतील तर गाणं पुढच्या वर्षाच्या रांगेत. ‘वंडरवॉल’ जगभरच्या शिकाऊ लोकांचं इतकं लाडकं का आहे? कारण दुसऱ्या पट्टीवर कॅपो लावला की अनामिका आणि करंगळी तिसऱ्या पट्टीवर चिकटवून ठेवायची, आणि गाण्याचा बराचसा भाग उरलेल्या दोन बोटांनी कॉर्ड बदलत काढायचा. हाताला एकच नवीन गोष्ट शिकायची आहे ती म्हणजे दोन बोटं न उचलणं. हिशेब चोख!

आणखी एक बघायचं, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे गाणं मी वाजवणार कुठे आणि ऐकणार कोण?

या शेवटच्या प्रश्नामुळे माझं पहिलं गाणं निघालं ‘हॅपी बर्थडे’. हसू नका. कुठल्याही गिटारवाल्याला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा वाजवावं लागणारं गाणं हेच आहे आणि दहातल्या नऊ जणांना ते नीट येत नाही. कारण ते चारच्या तालात नाहीच, तीनच्या तालात आहे. दादऱ्याच्या अर्ध्या आवर्तनाएवढं. शिवाय पहिला शब्द समेच्या आधी येतो, सम दुसऱ्या शब्दावर. आपण सवयीनं चारचं स्ट्रमिंग ठोकतो, केक कापणारे तीनमध्ये गातात, टाळ्या तिसरीकडेच जातात आणि शेवटी सगळे ‘हेऽऽ’ करून वेळ मारून नेतात. जी, डी आणि सी, बस्स, तीन कॉर्ड्स. अमेरिकेतल्या केंटकीमधल्या हिल आडनावाच्या दोन बहिणींनी 1893 मध्ये शाळेतल्या पोरांसाठी बांधलेली ही चाल. तिच्या नावावर एक बडी म्युझिक कंपनी वर्षानुवर्षं पैसे गोळा करत होती आणि 2015 मध्ये तिथल्या कोर्टानं तो हक्कच ग्राह्य धरला नाही. आता तुम्ही बिनधास्त वाजवा. मी पुढच्याच वाढदिवसाला वाजवलं, अख्खी खोली पहिल्यांदा एका वेळी संपली, आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही!

दुसऱ्या महिन्यात बाबा. आमचे बाबा बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या दृष्टीनं मराठी संगीत अरुण दातेंपाशी सुरू होतं आणि साधारण तिथेच संपतं. ‘तुझ्या त्या डब्यावर शुक्रतारा येतं का?’ असं ते गेली दहा वर्षं विचारतायत. पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, सोबत सुधा मल्होत्रांचा आवाज. ऐकायला किती सोप्पं! गिटारवर घ्यायला गेलं की घाम फुटतो. पाश्चात्त्य गाण्यात आधी कॉर्ड्सची चौकट असते आणि चाल तिच्यावर चढवलेली असते. भावगीतात चौकट नसतेच. चाल वाऱ्यासारखी फिरते, पेटी तिच्या मागे मागे जाते. त्यामुळे कुठल्या शब्दाखाली कुठली कॉर्ड, हे ठरवायचं आपलं आपण. आणि खळ्यांच्या चालीला प्रत्येक शब्दाखाली कॉर्ड ठेवलीत तर ते बँडबाजासारखं वाटतं. मी शेवटी कॉर्ड्स निम्म्या करून टाकल्या. जिथे काही ठेवलं नाही तिथेच गाणं चांगलं वाटतं, हा माझा शोध. (पुरस्कार पाठवायचा पत्ता संपादकांकडे आहे.)

पण खरी मारामारी पट्टीची होती. बाबा गुणगुणतात ते भलत्याच स्वरात, मी वाजवते ते भलत्याच. सुटका केली खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्या पेटी शिकवतात. त्यांनी बाबांना एक ओळ म्हणायला लावली आणि निकाल दिला, ‘काळी एक.’ आता काळी एक म्हणजे गिटारच्या भाषेत सी शार्प, आणि सी शार्पच्या कॉर्ड्स म्हणजे बोटांचा खुर्दा. पण पहिल्या पट्टीवर कॅपो लावा आणि सरळ सीच्या कॉर्ड्स धरा, झाली काळी एक! तसाच कॅपो ठेवून डी धरली की काळी दोन, जी धरली की काळी चार, ए धरली की काळी पाच. फक्त काळी तीनसाठी कॅपो दुसऱ्या पट्टीवर सरकवून ई धरायची. ज्यांच्या घरात कुणी पेटीवर गातं त्यांनी हे वाक्य कापून फ्रिजवर चिकटवा. दीडशे-दोनशे रुपयांच्या त्या चिमट्यानं आमच्या घरातला दहा वर्षांचा प्रश्न सुटला. बाबा गायले. अंतऱ्याला थोडे घसरले, पण गायले.

मग आलं स्पॅनिश. ए मायनर, जी, एफ, ई. जिना उतरल्यासारख्या चार पायऱ्या. फ्लामेंकोत ही उतरण पावलोपावली भेटते आणि रे चार्ल्सच्या 1961 च्या ‘हिट द रोड जॅक’मध्येही तीच आहे. यातली हाताला नवीन गोष्ट म्हणजे रास्गेआदो. उजव्या हाताची बोटं पंख्यासारखी एकेक करून उलगडत तारांवर आपटायची. शिवाय एफचा बार, ज्यानं आजवर हजारो गिटारी माळ्यावर पाठवल्या आहेत. मी बाल्कनीत बसून नुसतं ई-एफ-ई, ई-एफ-ई करत होते, तर पेपरच्या मागून बाबांचा आवाज आला, ‘भैरवी एवढ्यात कशाला? अजून चहा व्हायचाय.’ मी हसले आणि मग डोक्यात ट्यूब पेटली. ई हा सा धरलात तर या सगळ्या प्रकरणातले रे, ग, ध, नी कोमल आहेत. स्वर अक्षरशः भैरवीचे! स्पेनमधल्या लोकांनी जे दिवसभर वाजवायला घेतलं ते आपण मैफल संपवायला राखून ठेवलं, एवढाच फरक.

ब्लूज दहा दिवसांत आटोपलं. म्हणजे ब्लूज नव्हे, ब्लूजचा सांगाडा. बारा बार, तीन कॉर्ड्स. चार बार ए, दोन डी, दोन ए, मग एकेक ई आणि डी, दोन ए, की पुन्हा पहिल्यापासून. ज्या रॉबर्ट जॉन्सनच्या नावानं सगळे गिटारवाले कान धरतात त्यानं 1936 आणि 1937 मध्ये मिळून फक्त 29 गाणी रेकॉर्ड केली आणि 1938 मध्ये तो गेला. तेवढ्यावर पुढचं अख्खं रॉक उभं आहे. सांगाड्यात जीव भरायला मला बरीच वर्षं लागतील, पण ज्यांना कुणाबरोबर तरी जॅम करायचंय त्यांनी हा सांगाडा आधी शिकावा. अनोळखी माणसाबरोबर दुसऱ्या मिनिटाला वाजवता येतं. आमच्या एका कॉन्फरन्सच्या रात्री मी दिल्लीच्या कुठल्याशा अकाउंटंटबरोबर पाऊण तास वाजवत होते, नाव न विचारता.

बोसा नोव्हा मी सोडलं. जॉबिमचं ‘गर्ल फ्रॉम इपानेमा’ मला प्रचंड आवडतं. 1964 चा तो स्टॅन गेट्झ आणि जोआओ जिल्बेर्तोचा अल्बम पावसाळ्यात खिडकी उघडी टाकून ऐकण्यासारखा दुसरा नाही. पण अंगठ्यानं संथ, घड्याळासारखा बेस आणि बाकीच्या बोटांनी त्या बेसच्या मधल्या फटीत कॉर्ड्स, त्याही सेव्हन्थ नि मेजर सेव्हन्थ. माझ्या हिशेबानं नवीन गोष्टी तीन. गेलं पुढच्या वर्षावर. काही गाणी ऐकायचीच असतात, यात कमीपणा काय?

राहुल देवांचं काय, असं तुम्ही विचारणार. त्यांच्यावर वेगळा लेख लागेल. एवढंच सांगते, की 1971 च्या ‘दम मारो दम’मध्ये गिटार वाजवणारे भूपिंदर सिंग म्हणजे तेच, जे पुढे गझलांसाठी घराघरांत ओळखले गेले आणि 2022 मध्ये गेले. आईसाठी मी ‘चुरा लिया’ बसवलं तर तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘आणि ग्लास कोण वाजवणार?’ तिचं बरोबर आहे. 1973 पासून त्या गाण्याची सुरुवात ग्लासाची किणकिण आहे. ती तिनंच वाजवली, स्टीलच्या चमच्यानं.

आता धाकटा. त्याच्याबद्दल लिहू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘लिही, पण सेंटी नको.’ बघते.

तो वीस वर्षांचा आहे, इंजिनीअरिंगला, आणि गेल्या वर्षी त्याचा वायडी लागला. पुण्यात ज्यांच्या घरात इंजिनीअरिंगचं पोर आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. इयर डाऊन. मित्र पुढच्या वर्गात, हा घरी, चार विषय घेऊन. सुरुवातीला घरात त्यावरून भांडणं झाली, मग भांडणंही संपली आणि ते जास्त वाईट होतं. बाबा आणि तो एकमेकांशी आईमार्फत बोलायचे. ‘त्याला सांग, गाडीत पेट्रोल भरलंय.’ ‘बाबांना सांग, मला नकोय.’ आणि दोघंही जेवणाच्या एकाच टेबलवर बसलेले! तो जेवायचा, उठायचा, खोलीचं दार लावून घ्यायचा. त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार आहे, आणि तो ती हेडफोन लावून वाजवतो. त्यामुळे त्याला आत सगळा गडगडाट ऐकू येत असतो आणि बाहेर आम्हाला नुसतं टिक टिक टिक, पत्र्यावर वाळलेल्या शेंगा पडल्यासारखं. चार महिने आमच्या घरात त्याचा एवढाच आवाज होता.

मेटल माझ्या यादीत नव्हतं. मला ते आवडत नाही, अजूनही फारसं नाही. पण ‘ऐकणार कोण’ हा प्रश्न मीच ठरवलेला होता. मग मी मेटालिकाचं ‘नथिंग एल्स मॅटर्स’ घेतलं. 1991 च्या त्या काळ्या कव्हरच्या अल्बममधलं. मेटलवाल्यांच्या गाण्यांतलं साध्या गिटारवर येण्यासारखं, आणि सुरुवात तर अशी की डावा हात खिशात ठेवला तरी चालेल. सगळ्या मोकळ्या तारा! त्याची गोष्टही झकास आहे. जेम्स हेटफिल्ड फोनवर मैत्रिणीशी बोलत होता, एका हातात रिसीव्हर, मग दुसऱ्या रिकाम्या हातानं नुसत्या मोकळ्या तारा छेडत बसला आणि त्यातून ते निघालं. मी मुद्दाम धाकट्याच्या दाराबाहेर, पॅसेजमधल्या मोड्यावर बसून वाजवायला लागले. पिकनं.

पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आतली टिकटिक थांबली. चौथ्या दिवशी दाराआडून आवाज आला, ‘ताई, पिक ठेव.’

‘का?’

‘ते बोटांनी वाजवतात. जाड तारेला अंगठा, खालच्या तीन तारांना तीन बोटं. आणि घाई नको.’

दार उघडलं नाही. पण तीन-चार आठवड्यांत त्यानं मला आपणहून बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं. पुढचे आठ-दहा दिवस आमचा क्लास असाच चालला, मी बाहेर, सर आत. ‘आता सहा मोजून वाजव.’ ‘बी सेव्हन खरखरतोय.’ ‘ताई, तिथे थांब ना जरा, ते थांबतात तिथे.’ मी त्याला अभ्यासाचं काही विचारलं नाही आणि त्यानं काही सांगितलं नाही. 2011 च्या ऑक्टोबरात मेटालिका बंगळुरूला येऊन गेले तेव्हा तू काय करत होतास, असं विचारलं तर म्हणाला, ‘पहिलीत होतो. तू का नाही गेलीस?’ मी तेव्हा अलगदपणे ‘पुरानी जीन्स’ वाजवत असणार.

आणि मग गुरुवार आला. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार. सकाळी साडेदहाला पंखे थांबले, फ्रिज गुरगुरायचा बंद झाला आणि त्याबरोबर आतली टिकटिकही, कारण त्याचा तो छोटा अॅम्प चार्ज केलेला नव्हता. मेची गर्मी. खोलीत बसवेना म्हणून तो बाहेर आला. बाबा हॉलमध्ये बनियनवर, पेपरनं वारा घेत. मी बाल्कनीच्या दारात गिटार घेऊन. तो माझ्यासमोर उभा राहिला, हात पुढे केला. ‘दे.’

मी दिली. तो फरशीवर बसला, तारा जुळवल्या (‘ताई, किती दिवस बदलल्या नाहीस गं या? गंजल्यात!’) आणि सुरू केलं. पूर्ण. मला येत होतं तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे. मला माहीत नव्हतं तो इतका छान वाजवतो. माहीत कसं असणार, आम्ही शेंगाच ऐकत होतो.

त्या गाण्याची मोजणी सहाची आहे. मी हे एव्हाना पाठ केलं होतं, पण ऐकलं बाबांनी. मी बघितलं तर त्यांचा वारा घेणं थांबलं होतं आणि उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या लाकडी हातावर चालली होती. धा धी ना, धा ती ना. मेटालिकाला दादरा! आणि बसत होता, अगदी फिट्ट. धाकट्यानं मान वर केली, बघितलं, परत खाली घातली आणि थोडं हळू केलं, बाबांना सम सापडावी म्हणून. आई ओट्यापाशी होती. कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात होती, तिनं गॅस बंद करून टाकला.

तो एका ठिकाणी थांबला. बाबांनी विचारलं, ‘पुढे कसं आहे?’ आईमार्फत नाही, थेट.

‘पुढे जरा अवघड आहे.’

‘मग सावकाश घे. कोण मागे लागलंय?’

बस्स, एवढंच. मी सेंटी नको म्हणून कबूल केलंय, त्यामुळे इथे थांबते. आणि गिटारनं वायडी सुटत नाही, हेही सांगून टाकते. चारातले दोन विषय त्यानं काढलेत, दोन बाकी आहेत, त्यांची परीक्षा व्हायचीये. पण पेट्रोलचे निरोप आता आईकडे जात नाहीत. आणि खोलीचं दार दिवसा तरी उघडं असतं, त्यामुळे आम्हाला आता हेडफोनशिवायचा गडगडाट ऐकावा लागतो, खालच्या काकूंनाही. त्या म्हणाल्या, ‘पट्टी कोणती आहे ते तरी सांगा, म्हणजे मी शिकवणीची वेळ बदलण्यापेक्षा पट्टी बदलते.’

या महिन्याचं गाणं मात्र आधीच ठरलेलं आहे, तारखेसकट. मास कॉमच्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणीचं डिसेंबरात मडगावला लग्न आहे आणि तिनं फर्मान काढलंय, ‘बॉलिवूड वाजवायला डीजे आहे, तू मांडो वाजव.’ मांडो हा गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला, कोकणीतला गाण्या-नाचण्याचा प्रकार. सासष्टीतल्या कुडतरी-लोटलीसारख्या गावांतला, एकोणिसाव्या शतकापासूनचा. संथ, सहाच्या मापात (पुन्हा सहा! माझ्या वर्षाला सहाची नजर लागली आहे), साथीला व्हायोलिन, गिटार आणि घुमट. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं. वन्यजीव कायद्यानं त्यावर बंदी आली आणि आता बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

तिच्या घरच्यांनी तोर्क्वातो द फिगेरेदोंचा ‘आदेऊस’ सुचवलाय, निरोपाच्या वेळी हमखास निघणारा. माझ्या कसोट्यांवर तो घासून बघितला. गुणगुणता येतो? आता येतो, तीन आठवडे ऐकतेय. कोण ऐकणार? दीडशे गोंयकार, त्यातले किमान चाळीस माझ्यापेक्षा बरं वाजवणारे. आणि हाताला नवीन गोष्ट? एकच, पण भारी आहे. मांडो दोन आवाजांत गातात, दुसरा आवाज पहिल्याच्या तीन स्वर खालून समांतर चालत जातो. म्हणजे गिटारवर ते करायचं तर एकाच वेळी दोन तारांवर चाल धरायची आणि अंगठ्यानं बेसही सांभाळायचा. किंवा मग सोपा रस्ता, दोन गिटारी.

दुसऱ्या गिटारवाल्यानं त्याची अट सांगितलीये. पेपर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपले तर येईन, तिकीट तू काढायचंस, आणि त्याआधी माझ्या गिटारला नव्या तारा. दहा नंबरचा सेट. मी आजच घेऊन आले. संध्याकाळी तो तारा चढवत बसला होता आणि बाबा शेजारी बसून विचारत होते, ‘हे मांडो काळी कितीत आहे म्हणे?’